पोर्त-बॉनर: नशीब आणणाऱ्या फ्रेंच वस्तूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात फ्रेंच शिकवते आणि अधूनमधून भाषांतरंही करते. 'पोर्त-बॉनर' हा शब्द पाठ्यपुस्तकात एक मेच्या धड्यात डोकावतो आणि जातो. प्रश्न मात्र वर्षभर येत राहतात: विद्यार्थ्यांचे, त्यांच्या पालकांचे, फ्रान्सला निघालेल्यांचे, तिथून भेटवस्तू आलेल्यांचे. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमांक दिले आहेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता येईल.

१. पोर्त-बॉनर म्हणजे नेमकं काय? उच्चार कसा करायचा?

जवळ बाळगली, दारावर लावली किंवा कुणी हातात ठेवली की नशीब साथ देतं असं मानलेली वस्तू. घोड्याची नाल, चार पानांचं क्लोव्हर (एरवी तीनच पानं असणारं एक छोटं रोपटं), परीक्षेला नेलेलं ठरावीक पेन, आजोबांनी दिलेलं एखादं नाणं, काहीही चालतं. ती महाग असावी लागत नाही आणि मंतरलेली तर नसतेच.

'पोर्त' सरळ म्हणा. 'बॉनर'मधला शेवटचा स्वर मराठीत नाही. ओठ 'ओ'साठी करतो तसे गोल करून 'अ' म्हणून पाहा, त्याच्या जवळ पोचाल. शेवटचा 'र' जिभेच्या टोकाने नाही, घशातून. लिहिताना मध्ये 'एच' हे अक्षर येतं, पण ते मुकं आहे. 'बॉनह्यूर' म्हणू नका. वर्गात दर वर्षी निदान चार जण म्हणतात.

२. पोर्त म्हणजे दार ना? मग हा शब्द म्हणजे 'सुखाचं दार' का?

कल्पना गोड आहे आणि मला ती एका लग्नपत्रिकेवर छापलेलीही दिसली आहे, पण चूक आहे. दार या अर्थाचा 'पोर्त' वेगळा. इथला 'पोर्त' हा 'पोर्ते' म्हणजे वाहणे, नेणे, अंगावर बाळगणे या क्रियापदाचा आहे. फ्रेंचमध्ये असे जोडशब्द खंडीभर आहेत: पोर्त-क्ले म्हणजे चाव्या वाहणारा, अर्थात कीचेन, पोर्त-मोने म्हणजे सुटे पैसे वाहणारं, म्हणजे पाकीट, पोर्त-आव्हियों म्हणजे विमानं वाहणारी युद्धनौका, पोर्त-पारोल म्हणजे शब्द वाहणारा, प्रवक्ता. त्याच चालीवर पोर्त-बॉनर म्हणजे सुख वाहून आणणारा.

खूण हवी असेल तर लिंग पाहा. दार स्त्रीलिंगी आहे. पोर्त-बॉनर पुल्लिंगी आहे.

३. बॉनर म्हणजे आनंद. त्यात 'नशीब' कुठून आलं?

मला स्वतःला या शब्दातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

'बॉनर'चे दोन तुकडे होतात: 'बों' म्हणजे चांगला आणि 'अर'. हा 'अर' जुन्या फ्रेंचमधून, आणि त्यामागे लॅटिन 'ऑगुरियुम'मधून आला आहे. ऑगुरियुम म्हणजे शकुन. रोममध्ये 'ऑगुर' नावाचे अधिकारी असत. पक्षी कुठल्या दिशेने उडाले, कसे ओरडले, हे पाहून ते देवांची मर्जी सांगत. म्हणजे बॉनरचा मूळ अर्थ शुभशकुन. आनंद हा अर्थ नंतरचा. उलट शब्द 'मालर', अपशकुन, आज दुःख आणि संकट या अर्थाने वापरतात. इटालियन लोक वाढदिवसाला 'आउगुरी' म्हणतात, तोही याच घरातला.

आता मराठीकडे वळा. 'शकुन' या संस्कृत शब्दाचा पहिला अर्थच पक्षी असा आहे. शकुंत पक्ष्यांनी सांभाळली म्हणून शकुंतला. कावळा ओरडला की पाहुणे येणार म्हणणारी आपली आजी आणि रोमचा तो ऑगुर, दोघं एकच काम करत होते. दोन्ही भाषांत आभाळातल्या पाखरापासून निघालेला शब्द नशिबापाशी येऊन पोचला, आणि एकीने दुसरीकडून उसना घेतलेला नाही.

मधला मुका 'एच' मात्र गैरसमजातून आला. 'अर' म्हणजे तास, वेळ असा वेगळाच फ्रेंच शब्द आहे, त्यात 'एच' आहे. दोन्हींचा उच्चार एक, त्यामुळे लोकांनी यालाही तो चिकटवला. या गोंधळाचा मला बसलेला फटका प्रश्न १७ मध्ये आहे.

४. नशिबाला तर 'शांस' म्हणतात. मग 'पोर्त-शांस' का नाही?

तोही शब्द आहे, पण क्वचितच ऐकू येतो. क्रियापद वापरायचं असेल तर 'पोर्ते शांस' आणि 'पोर्ते बॉनर' दोन्ही सर्रास चालतात. फक्त इंग्रजीतून मराठीत आलेला 'चान्स' डोक्यातून काढा. आपला चान्स म्हणजे संधी, फ्रेंच शांस म्हणजे नशीब. 'तिला शांस आहे' याचा अर्थ तिला संधी आहे असा नसून ती नशीबवान आहे असा.

५. पुल्लिंग की स्त्रीलिंग? अनेकवचनात 'एस' लावायचा का?

नेहमी पुल्लिंग: अं पोर्त-बॉनर, मों पोर्त-बॉनर. स्त्रीला उद्देशून म्हणालात तरी पुल्लिंगच राहतं.

अनेकवचनाला दोन रीती आहेत. जुन्या रीतीने काहीच बदलत नाही, शेवटी 'एस' नाही. १९९० च्या शुद्धलेखन सुधारणांनी अनेकवचनात शेवटी 'एस' लावायला मान्यता दिली. ही दुरुस्ती त्या वर्षी ६ डिसेंबरला फ्रान्सच्या राजपत्रात आली. दोन्ही रूपं शुद्ध आहेत आणि उच्चारात फरक पडत नाही. बारावीच्या पेपरात दोन्हींपैकी कुठलंही एक लिहा, पण एकाच उत्तरात दोन्ही नकोत. मधली जोडरेघ विसरू नका.

६. वाक्यात कसा वापरतात?

तीन तऱ्हांनी. एक, नाम म्हणून: 'से मों पोर्त-बॉनर', हा माझा लकी आहे. दोन, दुसऱ्या नामामागे विशेषणासारखा: ब्रास्ले पोर्त-बॉनर म्हणजे नशिबाचं ब्रेसलेट, शा पोर्त-बॉनर म्हणजे पंजा हलवणारं ते जपानी मांजर, जे आपल्याकडेही चायनीजच्या गल्ल्यावर बसलेलं असतं. तीन, मोडून क्रियापद म्हणून: 'सा पोर्त बॉनर', याने नशीब उघडतं. इथे जोडरेघ नाही. बोलण्यात सगळ्यात जास्त हीच तिसरी तऱ्हा कानावर पडते, बहुतेक वेळा काहीतरी सांडल्या-फुटल्यावर समजूत घालताना.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या लिखाणात 'तिच्या हातात एक पोर्त-बॉनर होता' असं वाचलंत तर चकू नका. त्या काळी सोन्याच्या बारीक, घट्ट कड्यालाच हे नाव होतं.

७. मराठीत काय म्हणू? 'ताईत' चालेल?

बहुतेक वेळा नाही. भाषांतरात सगळ्यात जास्त घसरण इथेच होते.

ताईत (अरबी तावीझवरून आलेला) कुणीतरी मंतरून दिलेला असतो, आत मंत्र किंवा आयत असते, आणि तो बाधा, नजर, आजार यांना अडवतो. पोर्त-बॉनर काही अडवत नाही. तो आणतो. आपल्याकडे अडवणाऱ्या वस्तूंची नावं भरपूर: ताईत, गंडा, काळा दोरा, दृष्टमणी, बाळाच्या गालावरची तीट. आणणाऱ्या वस्तूला मात्र धड नाव नाही. म्हणून आपण सरळ 'लकी' म्हणतो: लकी शर्ट, लकी पेन, लकी सीट. मॅच चालू असताना सोफ्यावरून उठू न देणारा काका हा पोर्त-बॉनरचा मराठी पुरावा आहे.

म्हणून कथा-कादंबरीच्या संवादात मी बिनदिक्कत 'लकी' वापरते. निवेदनात 'शुभचिन्ह' किंवा 'शकुनाची वस्तू'. 'भाग्यवर्धक' नको, तो शब्द रत्नं विकणाऱ्यांच्या जाहिरातीतून उठून आल्यासारखा वाटतो.

माणसाबद्दल असेल तर मराठीत फार नेमका शब्द आहे: पायगुण. 'तू माझा पोर्त-बॉनर आहेस' याला 'तुझा पायगुण चांगला' इतकं चपखल दुसरं काही नाही. 'गळ्यातला ताईत' ही मराठी शब्दयोजना मात्र इथे वापरू नका. तिचा अर्थ लाडका. गळ्यातला ताईत असलेला माणूस नशीब आणतोच असं नाही, बऱ्याचदा खर्चच आणतो.

८. मग दारावरच्या लिंबू-मिरचीला फ्रेंचमध्ये काय सांगायचं?

पोर्त-बॉनर नाही. ती वाईट नजर अडवते, म्हणून 'कोंत्र ल मोव्हे-झय', म्हणजे 'वाईट डोळ्याविरुद्ध' असं सांगा. फ्रेंचांनाही ही कल्पना परकी नाही, विशेषतः भूमध्य समुद्राकाठच्यांना आणि उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांना. त्यांच्याकडे पाच बोटांचा 'फातिमाचा हात' असतो, गळ्यातही आणि दारावरही.

घोड्याची नाल मात्र सीमेवर उभी आहे. आपण ती उंबऱ्यावर ठोकतो ती बहुधा पीडा आत येऊ नये म्हणून, आणि फ्रेंच घरात ती नशीब यावं म्हणून असते. वस्तू तीच, नोकरी वेगळी.

९. आम्युलेत, तालिस्मां, ग्री-ग्री, फेतिश, मास्कॉत, ब्रलॉक: सगळे एकच का?

शब्दकोशात एकमेकांशेजारी बसतात, पण वापर वेगळा.

'आम्युलेत' म्हणजे अडवणारी वस्तू. लॅटिनमधून आलेला जुना शब्द, ताईताला सगळ्यात जवळचा. 'तालिस्मां' म्हणजे शक्ती भरलेली, बहुतेक वेळा कोरलेली वस्तू. ग्रीकमधून अरबीत आणि तिथून युरोपात गेला. हिंदी-उर्दूतल्या 'तिलिस्म'चा हा सख्खा भाऊ. रँस शहरात मध्ययुगीन सम्राट शार्लमाञचा मानला जाणारा एक रत्नजडित तालिस्मां जपून ठेवलेला आहे. त्याला कुणी पोर्त-बॉनर म्हणणार नाही, वजनच तसं आहे.

'ग्री-ग्री' पश्चिम आफ्रिकेतला. सेनेगलसारख्या देशांत कुराणातल्या आयती चामड्याच्या लहानशा पिशवीत शिवून दंडाला किंवा कमरेला बांधतात, तो खरा ग्री-ग्री. फ्रेंच खेळाडू आपल्या लकी वस्तूलाही गमतीने ग्री-ग्री म्हणतात. पण दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दल हा शब्द वापरला की त्यात वसाहतकाळाचा तुच्छतेचा वास येतो. माझा सल्ला: परक्याने टाळावा.

'फेतिश'ची कथा अशीच. पोर्तुगीज 'फैतिसू', म्हणजे जादूटोणा, हा शब्द आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापाऱ्यांनी तिथल्या पूजावस्तूंना लावला, फ्रेंचांनी तो उचलला आणि १७६० मध्ये शार्ल द ब्रॉस या फ्रेंच लेखकाने त्यावरून 'फेतिशिझ्म' ही संज्ञा घडवली. आजच्या बोलण्यात तो निरुपद्रवी आहे: 'न्युमेरो फेतिश' म्हणजे आवडता, लाभणारा आकडा, दिग्दर्शकाचा 'आक्तर फेतिश' म्हणजे त्याच्या प्रत्येक सिनेमात असणारा नट. 'फेतिशिस्त' मात्र म्हणू नका, तो अर्थ वेगळ्या खोलीतला आहे.

'मास्कॉत' प्रोव्हाँस भागातल्या 'मास्को', म्हणजे चेटकीण, या शब्दापासून निघाला. डिसेंबर १८८० मध्ये पॅरिसमध्ये संगीतकार एद्मों ओद्राँची 'ला मास्कॉत' ही संगीतिका रंगमंचावर आली. तिच्यातली नायिका ज्या घरी राहील तिथे बरकत आणते. ती इतकी चालली की शब्द इंग्रजीत गेला आणि तिथून आपल्याकडे स्पर्धांच्या फलकांवर 'मॅस्कॉट' होऊन आला. थोडक्यात, मॅस्कॉट म्हणजे मुळात चांगल्या पायगुणाची मुलगी.

'ब्रलॉक' म्हणजे साखळीला लोंबणारा छोटा दागिना. त्याला नशिबाशी काही देणंघेणं असेलच असं नाही.

१०. फ्रेंच लोक प्रत्यक्षात काय बाळगतात?

चार पानांचं क्लोव्हर पहिलं. आपल्या बागेत कुंडीत उगवणारी आंबुशी त्याच्यासारखी दिसते, पण वनस्पती वेगळी. चार पानं सापडली तरी फ्रेंच मित्र ती धरणार नाहीत. मग घोड्याची नाल. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला कॉक्सिनेल हा किडा. त्याचं लाडकं नाव 'देवबाप्पाचं जनावर', हातावर बसला तर उडवत नाहीत, आपण होऊन उडायची वाट पाहतात. सशाचा पाय, तोही कीचेनला. गंमत अशी की याच सशाचं नाव फ्रेंच मच्छीमार बोटीवर घेत नाहीत, 'लांब कानांचं जनावर' म्हणतात.

जानेवारीत राजांचा केक, 'गालेत दे र्‍वा', कापतात. त्यात दडवलेली इवलीशी चिनीमातीची 'फेव्ह' ज्याच्या तुकड्यात निघेल तो त्या दिवसाचा राजा. कुणाला कुठला तुकडा हे घरातलं सगळ्यात लहान मूल टेबलाखाली बसून सांगतं. ती फेव्ह नंतर वर्षभर पाकिटात ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. (केक खाताना जपून चावा. हा इशारा दाताच्या डॉक्टरांच्या वतीने.)

आणि एक भयंकर जुनी वस्तू: फाशी दिलेल्याच्या दोराचा तुकडा. आज कुणी बाळगत नाही, पण सलग नशीब फळफळणाऱ्याबद्दल 'खिशात फाशीचा दोर असणार' असं अजून म्हणतात.

११. एक मेला ते पांढरं फूल का देतात?

ते 'म्युगे'. एका दांडीवर घंटेसारखी बारीक पांढरी फुलं लोंबतात, वास गोड आणि गार. एक मेला फ्रान्सभर कोपऱ्याकोपऱ्यावर ते विकायला असतं. एक काडी, दोन पानं, बस. देताना 'सा पोर्त बॉनर' म्हणतात. एका काडीवर तेरा घंटा सापडल्या तर विशेष शुभ.

सांगितली जाणारी कथा अशी, की १५६० मध्ये राजा नववा शार्ल दक्षिणेकडे दौऱ्यावर असताना त्याला कुणीतरी म्युगेची काडी दिली आणि पुढच्या वर्षी एक मेला त्याने ती दरबारातल्या स्त्रियांना वाटली. दंतकथा म्हणूनच ऐका.

फुलाचं राजकारण मात्र दंतकथा नाही. एक मे हा कामगारांचा दिवस झाला आणि १८९१ मध्ये त्याच दिवशी उत्तर फ्रान्समधल्या फूर्मी गावात सैनिकांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. नऊ जण मेले. पुढे लाल रानगुलाब, 'एग्लाँतीन', ही कामगारांची खूण झाली. १९४१ मध्ये, जर्मनांच्या ताब्याच्या काळातल्या विशी राजवटीत, तिचा प्रमुख मार्शल पेताँने एक मेला 'श्रम आणि सामाजिक सलोख्याचा सण' केलं आणि डाव्यांचा लाल गुलाब मागे सारून पांढरा म्युगे पुढे आला. म्हणून आजही काही जुने कामगार कार्यकर्ते म्युगेकडे जरा तिरकं पाहतात. बाकीच्यांना यातलं काही आठवत नाही, ते आजीसाठी काडी घेऊन जातात.

या एका दिवशी सामान्य माणसालाही रस्त्यावर म्युगे विकायची मुभा असते, नियम गावागावाचे. शाळकरी पोरं बादली घेऊन उभी दिसतात. देशातला बहुतांश म्युगे नाँत शहराच्या आसपास पिकतो. फॅशनवाले क्रिस्तियाँ दिओर तर या फुलाचे वेडे होते. १९५४ चा त्यांचा एक संग्रह म्युगेच्या नावाने होता आणि १९५६ मध्ये त्यांनी त्याच वासाचं दिओरिस्सिमो अत्तर काढलं. कपड्यांच्या दुमडीत ते म्युगेची काडी शिवून घेत असं सांगतात.

महत्त्वाचं: झाड विषारी आहे, पानाफुलांसकट, आणि ज्या पाण्यात काडी ठेवली ते पाणीसुद्धा. त्यातली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर उंचावर ठेवा.

आपल्याकडे तो दिवस महाराष्ट्र दिन. मुंबई-पुण्याच्या मे महिन्यात म्युगे जगत नाही, त्यामुळे वर्गात आम्ही कागदाचा करतो. घंटा तेरा.

१२. पुतळा, माणूस किंवा कृतीही पोर्त-बॉनर असू शकते?

हो. दिजोंला गेलात तर नोत्र-दाम चर्चच्या बाजूच्या बोळात जा. बोळाचं नावच 'घुबडाचा रस्ता'. भिंतीच्या कोपऱ्यावर हाताच्या उंचीला एक छोटं दगडी घुबड आहे, निदान होतं असं म्हणायला हवं. डावा हात त्याच्यावर ठेवायचा आणि मनात इच्छा धरायची. शतकानुशतकांच्या हातांनी त्याचे डोळे, चोच, पिसं सगळं पुसलं गेलंय. उरलाय तो साबणाच्या वापरलेल्या वडीसारखा गुळगुळीत गोळा. बापलोक पोरांना कडेवर उचलून हात पोचवतात. ५ जानेवारी २००१ ला कुणीतरी त्यावर हातोडा घातला, तेव्हा शहर हळहळलं. मग आधी घेतलेल्या साच्यावरून डागडुजी झाली. घुबड आपल्याकडे अभद्र, पण फ्रेंचमध्ये 'शुएत' म्हणजे घुबडही आणि 'झकास!' असा उद्गारही.

पॅरिसमध्ये सॉर्बॉनसमोर लेखक मोंतेन्यचा पुतळा बसलेला आहे, पॉल लांदोव्हस्कीने केलेला. (रिओतला तो हात पसरलेला येशूही त्याचाच.) विद्यार्थी परीक्षेआधी मोंतेन्यच्या उजव्या बुटाला हात लावून जातात. बाकी पुतळा काळपट आणि बूट लखलखीत.

कृतीचं उदाहरण १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकाचं. सामना सुरू होण्याआधी लोराँ ब्लाँ गोलकीपर फाबियँ बार्तेझच्या तुळतुळीत टकलाचं चुंबन घ्यायचा. फ्रान्सने कप जिंकला आणि ते टक्कल देशाचं पोर्त-बॉनर झालं.

१३. 'नेनेत आणि रँतँतँ' या लोकरीच्या बाहुल्या कुठल्या?

पहिल्या महायुद्धातल्या. नावं मूळची चित्रकार पुल्बोने १९१३ च्या सुमारास केलेल्या बाहुल्यांची. मार्च १९१८ पासून जर्मनांची अजस्र तोफ शंभराहून अधिक किलोमीटरवरून पॅरिसवर गोळे टाकू लागली, रात्री विमानं यायची. तेव्हा पॅरिसकरांनी उरल्यासुरल्या लोकरीच्या दोन चिमुकल्या बाहुल्या, एक मुलगा एक मुलगी, एकाच धाग्याने बांधून कोटाला अडकवायला सुरुवात केली. जोडी तुटू द्यायची नाही आणि स्वतःसाठी विकत घ्यायची नाही, दुसऱ्याने द्यायची.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लॉरेन भागात एका अमेरिकन सैनिकाला कुत्र्याची पिल्लं सापडली. दोन पिल्लांना त्याने याच बाहुल्यांची नावं दिली. त्यातलं एक पुढे हॉलीवूडचा तारा झालं: रिन टिन टिन.

प्रश्न ७ च्या कसोटीवर या बाहुल्या खरं तर 'अडवणाऱ्या' आहेत. तरी लोक त्यांना पोर्त-बॉनरच म्हणत. बॉम्ब डोक्यावर पडला नाही हेच त्या वर्षीचं नशीब होतं.

१४. तेरा शुभ की अशुभ?

दोन्ही. जेवायला तेरा जण बसणं अशुभ, म्युगेच्या तेरा घंटा शुभ. तेरा तारखेचा शुक्रवार काही जण टाळतात आणि काही जण मुद्दाम त्याच दिवशी लॉटरी घेतात. फ्रान्सची लोतो त्या दिवशी मोठ्या रकमेची खास सोडत ठेवते. विचारलंत तर दोन्ही गट म्हणतील, 'आम्ही अंधश्रद्धाळू नाही.'

१५. कुत्र्याच्या घाणीत पाय पडला तर अभिनंदन करतात, हे खरं?

डावा पाय असेल तर. 'डाव्या पायाने? मग सा पोर्त बॉनर!' उजवा असेल तर फक्त बूट धुवायचे. नटमंडळींचंही असंच. प्रयोगाआधी त्यांना 'बॉन शांस' म्हणणं अपशकुन. त्याऐवजी विष्ठेला जो शिवीवजा शब्द आहे तोच म्हणतात: 'मेर्द!' घोडागाड्यांच्या काळात नाट्यगृहासमोर लीद जास्त म्हणजे प्रेक्षक जास्त, असं कारण सांगतात. उत्तरादाखल 'मेर्सी' म्हणायचं नाही. हे वर्गात शिकवलं की पोरांची फ्रेंचमधली गोडी अचानक वाढते.

१६. देवाच्या वस्तूला पोर्त-बॉनर म्हटलं तर चालतं का? पॅरिसमध्ये गणपती 'पोर्त-बॉनर' म्हणून विकतात!

श्रद्धावान कॅथलिक माणसाच्या गळ्यातल्या पदकाला पोर्त-बॉनर म्हणू नका. पॅरिसच्या र्‍यु द्यु बाकमधल्या चॅपेलचं 'मेदाय मिराक्युलझ' हे १८३० च्या मारियादर्शनानंतर, १८३२ पासून घडवलं जातं. वसई आणि गोव्यातल्या अनेक ख्रिस्ती घरांतही ते ठाऊक आहे. ती भक्तीची खूण, लकी वस्तू नव्हे. चर्चची शिकवण तर ताईत बाळगण्याला स्पष्ट दोष देते, आणि तिथे फ्रेंच पाठात शब्द आहे 'आम्युलेत'. गाडीत लावलेला, प्रवाशांचा रक्षक मानला जाणारा संत क्रिस्तोफ मात्र मधल्या रेषेवर आहे: निम्म्यांचा संत, निम्म्यांचा पोर्त-बॉनर.

शाळेत मुलाने काय घालायचं हेही पालक विचारतात. १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना मनाई केली. त्याआधीच्या अहवालात लहान क्रूस, फातिमाचा हात, पदकं अशा लक्ष वेधून न घेणाऱ्या वस्तू चालतील असं म्हटलं होतं. सदऱ्याखालचा काळा दोरा त्यात अडकेल असं मला वाटत नाही, पण शाळेला आधी विचारलेलं बरं.

गणपतीबद्दल. हो, विकतात, टेबलावर ठेवायचा लहानसा, शेजारी बुद्ध आणि हत्ती. काही मराठी मंडळींना राग येतो. मला हसू येतं, कारण प्रश्न ७ चा सगळा घोळ आपल्या आरतीने पहिल्या दोन शब्दांत सोडवलाय: सुखकर्ता दुःखहर्ता. एक आणणारा, एक अडवणारा. दुकानदाराने फक्त पहिला शब्द वाचला.

१७. फ्रेंच मैत्रिणीसाठी कीचेनवर हा शब्द कोरून घ्यायचा आहे. काय काळजी घेऊ?

शुद्धलेखन स्वतः कागदावर लिहून द्या आणि कोरण्याआधी दाखवायला सांगा. मी एकदा एका दुकानात फोनवरून अक्षरं सांगितली. हातात आलं तेव्हा शब्दाच्या शेवटी एक जादा 'ई' होतं. तास या अर्थाच्या 'अर'च्या शेवटी 'ई' असतं, म्हणजे बॉनरचा शेवट तासावर झाला होता (प्रश्न ३ मधला तोच गोंधळ). दुकानदाराचं म्हणणं, 'मॅडम, दिसायला छान दिसतंय.' मैत्रिणीने ते हसत घेतलं आणि अजून वापरते. दर वेळी भेटल्यावर 'किती तास झाले?' विचारते.

एकच कीचेन असेल तर 'एस' नको. जोडरेघ हवी.